तिघेही नीट खातात

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप मिळाला आणि जीव भांड्यात पडला. वॉर्डातल्या सिस्टरना तू शिस्त लावायला घेतली आहेस, हेही कळलं. म्हणजे तब्येत सुधारते आहे.

आता वाईट बातमी. तुझ्या दोन टाक्या माझ्या खोलीवर चढवताना धाकटी टाकी जिन्यात तडकली. मासे बादल्यांत होते म्हणून वाचले. पण दुसरी टाकी मिळेपर्यंत काळी आणि चंदेरी, दोन्ही जोड्या मोठ्या टाकीतच सोडाव्या लागल्या. दोन दिवस गुण्यागोविंदाने राहिले. परवा काळ्या मादीने फिल्टरच्या नळीवर अंडी घातली, आणि तेव्हापासून घराची रणभूमी झाली आहे. काळा नर चंदेरी जोडीला कोपऱ्यातून हलू देत नाही. दोन्ही नर तोंडात तोंड अडकवून ओढाताण करतात. आतोबांनी जाण्याआधी हाताने वाढवलेली चंदेरी मादी हीटरमागे लपून असते.

काय करू, लगेच कळव. माझं कामात लक्ष नाही. काल छापखान्यात प्रुफं वाचताना 'लेखक परिचय'चं 'लेखक पराजय' तसंच जाऊ दिलं. मालक म्हणाले की लेखक ओळखीचा आहे, शब्द फारसा चुकलेला नाही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ठकी


८ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

टाकी गेली तर गेली. तुझे हात कापले नाहीत ना, ते आधी लिही.

काळ्यावर रागावू नकोस. एरवी तो इतका गरीब की गोगलगायीलाही वाट देतो. पण अंडी झाली की एंजल माशाला अख्खी टाकी आपल्या बापाची वाटते. नळी सोडून बाकीचे दगड, झाडं इकडची तिकडे कर. जागा अनोळखी झाली की भांडण जरा थंडावतं. मग मधोमध आडोसा घाल, घट्ट बसेल असा, आणि पाणी दोन्हीकडे फिरू दे. चंदेरीच्या पंखांच्या चिंध्या झाल्या असतील तर तिला बादलीत वेगळी काढ. पाणी त्याच टाकीतलं घे आणि हवेची नळी सोड.

ती कशी आहे? तिच्याबद्दल दोन ओळी जास्त लिही. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना मी तिच्याविषयी इतकं सांगितलंय की त्यांना ती माझी सून वाटते.

जिव्हाळा आहेच, पत्रं तेवढी वाढव.
आत्या


१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हात शाबूत आहेत. तू सांगितलंस तसे दगड हलवले आणि भिंतीवरच्या तसबिरीची काच काढून आडोसा म्हणून उभी केली. पण काळा नर त्या काचेवरच धडका मारत राहिला. अंडी शेवटी काळ्या जोडीने स्वतःच खाऊन टाकली. आता सगळं शांत आहे, काळजी करू नकोस. तिघेही नीट खातात.

घरमालकीणबाईंनी जिना धुऊन घेतला. छापखान्यात नवीन पंखा आला, त्याने पहिल्याच दिवशी अख्ख्या प्रकरणाची पानं उडवली. तू व्यायाम चुकवू नकोस, सिस्टरचं ऐक.

उत्तराची वाट बघते.
तुझी ठकी


१६ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. पंख्यावर दोन ओळी आहेत, चंदेरीवर एकही नाही. आणि 'तिघेही' असं स्पष्ट लिहिलं आहेस. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतेस आणि स्वतःची अशी ठळक सोडतेस, वेडे? गेली ना ती?

मला वाईट वाटलं. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडले, खोटं कशाला सांगू? पण तू हे एकटीने गिळून बसलीस, त्याचं जास्त वाईट वाटलं.

आता ऐक, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तुझे आतोबा कामानिमित्त परगावी होते. मी हौसेने दोन जोड्या एकत्र सोडल्या. एक नर मेला. मी बाजार पालथा घालून अगदी तसाच दुसरा आणला आणि साळसूदपणे गप्प बसले. अकरा वर्षांनी त्यांनी सहज सांगितलं की त्यांनी त्याच संध्याकाळी ओळखलं होतं, नव्याचा एक पट्टा तिरका होता. मी चिडून विचारलं की मग बोलला का नाहीत. तर म्हणाले, तुझे डोळे सुजलेले होते, त्यावर आणखी काय बोलायचं.

तेव्हा आता पुसून टाक डोळे. काच म्हणजे खिडकी झाली गं, शत्रू समोर दिसतोच! दुधी प्लास्टिक लाव, त्याला गरम सुईने भोकं पाड. चंदेरी नराला दुसरी मादी आणायची घाई करू नकोस. काळ्या जोडीच्या बाजूला पुढची अंडी घालायला पाटीचा एक तुकडा तिरका ठेव.

तुझीच,
आत्या


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र छापखान्यात उघडलं आणि तिथेच रडले. मालकांना वाटलं, हस्तलिखित करुण आहे.

खरं ते सांगते. मी कामावर असताना काच सरकली. सहाला परत आले तर चंदेरी तळाशी आडवी पडली होती. तू सांगितल्याप्रमाणे बादलीत काढली, पण सकाळपर्यंतच राहिली. काचेला नीट टेकू दिला असता तर वाचली असती. तुला ते लिहायला हात धजला नाही.

दुधी प्लास्टिक तुझं पत्र आलं त्याच दिवशी लावलं. 'नीट खातात' हेही खरं नव्हतं. ती गेल्यावर चंदेरी नराने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, पाचव्या दिवशी एक अळी खाल्ली. आता खातो, पण थोडंच. काळ्या मादीने पाटीवर पुन्हा अंडी घातली. या वेळी खाल्ली नाहीत. दोघं आळीपाळीने पंख्याने वारा घालावा तसं त्यांच्यावर पाणी घालत राहिले, बिघडलेली पांढरी अंडी तेवढी वेचून टाकली. आज आठव्या दिवशी पिल्लं पाटीवरून सुटली. टाचणीच्या टोकाएवढी, आणि सगळी आईबापांच्या मधे गर्दी करून पोहतात. मोजायला बसले आणि तीनदा चुकले.

तुला शनिवारी सोडणार आणि एकटीने घरी राहू देणार नाहीत, असं सिस्टरनी कळवलंय. मी आठवड्याची रजा टाकली आहे. खालच्या मजल्यावरची रिकामी खोली घरमालकीणबाईंनी दिली, मासे आणि पाटी बादल्यांत ठेवून टाकी कालच तिथे उतरवून घेतली, पलंग तिच्यासमोर लावलाय. सकाळी नऊला न्यायला येते. तयार राहा, आणि नाही म्हणू नकोस.

तुझीच,
ठकी