मिरी कोणाची?

विरार (पश्चिम),
शुक्रवार

प्रिय स्वप्ना,

घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने लिहिते. फोनवर तू मला नेहमी मध्येच तोडतेस. पहिली गोष्ट, तू जेन्सनशी लग्न करून भुईगावला गेलीस, आणि त्याच्या ब्राउनी कुत्र्याला मांजर नजरेसमोर खपत नसल्यामुळे तुझी मिरी माझ्याकडे राहिली. दुसरी, आपली वसईची इमारत नव्याने बांधायला घेतली आणि मी विरारच्या या भाड्याच्या घरात आले. तिसरी, या घराच्या करारात प्राणी ठेवू नयेत अशी अट आहे, आणि ती वाचूनच मी सही केली. चौथी, परवा न्हाणीघरातली गळती पाहायला घरमालक परेश राऊत आले, आणि मिरी आतून येऊन त्यांच्या चपलांवर झोपली.

मी अट मोडली असे तुला वाटेल. परेशरावांनी पूर्वी विचारले होते, "मॅडम, मांजरबिंजर नाही ना पाळलेलं?" आणि मी मांजर पाळलेले नाही, असे मी सांगितले होते. हे विधान सत्य होते. मांजर तुझे, माझ्याकडे ती पाहुणी. जिने आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले तिला खोटे बोलण्याची गरज पडत नाही. परवा हेच मी त्यांना पुन्हा समजावून सांगितले. त्यांनी मिरीच्या पोटाखालून एक चप्पल अलगद ओढून घेतली आणि म्हणाले, "दोन वर्षं पाहुणी? मॅडम, आमचा मेव्हणापण एवढा टिकत नाही!" मग जरा ओशाळून म्हणाले, "सोसायटीवाले माझ्या मागे लागलेत हो. करार संपायच्या आत तिची सोय करा, नाहीतर मला दुसरा भाडेकरू बघावा लागेल." गृहस्थ असभ्य नाहीत. त्यांचा युक्तिवादही, दुर्दैवाने, बिनतोड होता.

त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला. ब्राउनी गेल्याचे वाचून वाईट वाटले; म्हातारा झाला होता, तरी जेन्सनला ते जड गेले असणार. त्याखालीच तू लिहिलेस, "आता मिरीला इकडे पाठव, आई. तुझी कटकट मिटेल. जेन्सन रविवारी गाडी घेऊन येतो." आणि शेवटी तो पिवळा अंगठा. शुद्धलेखनाविषयी या पत्रात काही लिहीत नाही. तुझ्या निष्कर्षात खोट काढता येत नाही: मालकीण तिकडे, अडथळा दूर झालेला, इथे अट आडवी. तरीही मी उत्तर दिले नाही. माझे मौन संमती समजू नकोस.

मिरीला तू घरी आणलेस तो दिवस मला लख्ख आठवतो. मासळीबाजारातून हलवे आणायला पाठवले होते, आणि तू पिशवीतून काळ्या मिऱ्याएवढे काहीतरी बाहेर काढलेस. हलवे विसरलीस. घरात एकाच प्राण्याला शिस्त लावणे मला झेपते, असे मी म्हणाले होते, त्यावर तू, "तो प्राणी मी ना?" असे विचारून इतकी हसलीस की पिल्लू घाबरून कपाटाखाली गेले.

तू गेल्यावर ते पिल्लू, म्हणजे तोवर चांगली धष्टपुष्ट झालेली मिरी, तुझ्या कामावरून परतण्याच्या वेळेला दाराशी जाऊन बसत असे. मांजराची समजूत शब्दांनी घालता येत नाही. म्हणून मी रोज दार उघडून तिला रिकामा जिना दाखवत असे. पुरावा पाहिल्यावर तिची खात्री पटेल, हा हेतू. विरारला आल्यावरही हा क्रम चालू राहिला. काही महिन्यांनी मिरीने दाराशी बसणे सोडले. दार उघडण्याची माझी सवय मात्र तशीच राहिली.

जेन्सनविषयी मी लग्नाआधी जे मत दिले, ते तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीवर आधारलेले होते. शिक्षण अर्धवट सोडून वडिलांची वाडी करणारा मनुष्य, एवढीच ती माहिती. तिच्यात आता भर पडली आहे. तो दर रविवारी वेलची केळी खाली वॉचमनकडे ठेवून जातो आणि वर येत नाही, कारण न कळवता येऊ नये असे मी एकदा बजावले होते. हे तुला ठाऊक आहे की नाही, मला कल्पना नाही. सांगितलेला शब्द इतक्या काटेकोरपणे पाळणारे विद्यार्थी मला वर्गात फार थोडे मिळाले.

आता मूळ मुद्दा. काल मी भुईगावला येऊन गेले. तुला कळवले नाही, कारण काम तुझ्याकडे नव्हते. तुमच्या पलीकडच्या गल्लीत थेरेसाबाईंच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. मांजर चालेल का, असे मी स्पष्ट विचारले. पायरीवर तीन मांजरे ऊन खात पडली होती, त्यांना ओलांडत त्या म्हणाल्या, "मांजराला कोण विचारते, बाय? तू भांडखोर नाय ना, तेवढं सांग." मी म्हणाले, याविषयी माझ्या मुलीचे मत घ्यावे लागेल. त्या हसत सुटल्या. मी विनोद केला नव्हता. खोल्या कोरड्या आहेत, पुस्तके राहतील. मागच्या दारातून केळींच्या वर तुमच्या स्वयंपाकघराचे कौलारू छप्पर दिसते. याची मी नोंद घेतली; निवड करण्याचे ते कारण नव्हे, असे लिहिणार होते, पण ते विधान सत्य ठरणार नाही.

म्हणून रविवारी जेन्सनने गाडी जरूर आणावी, आणि या खेपेस वर यावे. मी हे कळवते आहे. मिरी मात्र त्याच्याबरोबर येणार नाही. तिला पाहुणी म्हणणे मी थांबवणार आहे, आणि त्यासाठी ती माझी असल्याचे तू मान्य करायला हवेस. हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की ती आणि मी तुझ्या इतक्या जवळ राहायला आलो तर तुला चालेल का? दोन्ही उत्तरे निरनिराळी दे. एकीचा होकार दुसरीच्या नावावर खपवू नकोस. फोन करू नकोस. तू माझी कीव करून "हो" म्हणालीस तर ते मला आवाजावरून लगेच कळते, आणि या वेळी कळायला नको आहे. अंगठाही नको. कागदावर, शाईने, पूर्ण वाक्यांत लिही आणि जेन्सनच्या हाती दे. मी वाट पाहते आहे. लेखी उत्तर हवे.

तुझीच,
आई