डब्यातलं गरम पाणी

कर्जत (जि. नगर),
२६ नोव्हेंबर १९९५

प्रिय जयमाला,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. साडेपाच वर्षं आपण एका जीपमधून गावं फिरलो, पण तुला दोन ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. रोज सकाळी तू हातात रजिस्टर घेऊन ऑफिसच्या पायरीवर उभी असायचीस. तुझा पिंपरीचा पत्ता तुझ्या वडिलांकडून घेतला, त्यालाही आता तीन आठवडे झाले. रोज लिहू म्हणतो आणि रोज संध्याकाळी अंग टाकून देतो. आज तालुक्यातल्या शेवटच्या गावाचा दवाखाना लवकर आटपला. तुझ्या जागी आलेल्या नव्या सिस्टर वस्तीवर घरभेटींना गेल्या आहेत. मी शाळेच्या पटांगणात, आपल्या डब्याच्या पायरीवर बसून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, गुडघ्यावर पाटी ठेवून लिहितोय.

डबा आहे तसाच आहे. परदेशातल्या कुणा गृहस्थाने सुट्टीत फिरायला घेतलेलं ते दोन चाकांवरचं घर संस्थेला दान दिलं आणि त्याचा कुष्ठरोग्यांचा फिरता दवाखाना झाला, हे लोकांना सांगितलं की अजूनही पटत नाही. पलंगाच्या जागी आपण बाकडं टाकलं, कपड्यांच्या कपाटात औषधं ठेवली. त्या गृहस्थाची एकच वस्तू आपण जशीच्या तशी ठेवली, ती म्हणजे मागच्या बाजूचा पाणी तापवायचा गॅसचा बंब. त्यानेच आज सकाळी पुन्हा त्रास दिला. ज्योत पेटायची, सूं करून दोन मिनिटं चालायची आणि विझायची. सगळी नळी उतरवली, फुंकली, गॅस सोडणारा बारीक जेट तारेने साफ केला. शेवटी बॅटरीच्या वायरीचं टोक गंजलेलं सापडलं. एवढंसं काम, पण उकिडवं बसून उठताना डब्याच्या चाकाला धरावं लागलं. माझं वय आता अठ्ठावन्नच्या घरात आलं आणि तो बंब माझ्यापेक्षा म्हातारा झाल्यासारखा वाटतो.

तुला पहिलं वर्ष आठवत असेल. बंब पेटेना म्हणून आपण तीन दिवस डोकं धरून बसलो होतो. तू टॉर्च धरून वाकलीस आणि म्हणालीस, मामा, आत पांढरं काय दिसतंय? कोळ्याने नळीच्या तोंडाशी घर केलं होतं. त्यानंतर दर पावसाळ्यानंतर पहिलं काम तेच असायचं. मग इकडच्या पाण्याचा क्षार. टाकीतून चुन्याच्या पापुद्र्यांसारखे तुकडे निघायचे, तेव्हा लिंबूसत घालून टाकी रात्रभर ठेवायची आणि सकाळी धुऊन काढायची, हे आपणच शोधून काढलं. सेफ्टी व्हॉल्व्ह तर कायम ठिबकायचाच, त्याच्याखाली तू तामचिनीचा मग ठेवला होतास. एवढी उठाठेव कशासाठी, असं डॉक्टरसाहेब हसून विचारायचे. तू त्यांना सांगायचीस की थंडीत गार पाण्यात कुणी पाय बुडवत नाही, आणि पाय भिजले नाहीत तर कडक झालेली कातडी निघत नाही, मग भेगा पडतात, जखमा होतात. ज्या पायांना काही कळत नाही, त्यांना गार काय आणि गरम काय, असं त्यांचं म्हणणं. तू म्हणालीस, साहेब, पायांना कळत नाही, माणसाला कळतं ना.

तुझ्या टबांपाशी बसायला बाया भांडायच्या. त्यात गोजरबाई पुढे. आजार कधीच बरा झालेला, गोळ्या संपलेल्या, पण पाय बधिर ते बधिरच. चार मैल चालत यायची, टबात पाय सोडून बसायची आणि सगळ्या गावाच्या खबरी सांगायची. "शिस्टर, बाळंतपनानंतर मला कुनी ऊन पानी दिलं न्हाई, ते तू आता देती," असं ती म्हणायची. तू कोपर बुडवून पाणी बघितल्याशिवाय कुणाचा पाय टबात जाऊ द्यायची नाहीस. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

गेल्या डिसेंबरात थंडी फार होती. बंब पेटायचा, पण पाणी जेमतेम कोमट झालं की बंद पडायचा. टाकीच्या अंगाला रुपयाएवढी दोन बटणं चिकटवलेली आहेत, तुला मी दाखवली होती. पाणी ठरावीक गरम झालं की एक बटण गॅस तोडतं. ते चुकलं तर दुसरं तोडतं. दोहोंपैकी एक कमजोर झालं होतं. मी नवीन मागवायला सांगितलं. नगरला मिळेना, मुंबईला चौकशी झाली, उत्तर आलं नाही. आपले पाच-पाच गावांचे दौरे चालू होते. तू रोज विचारायचीस, मामा, काही होतंय का बघा ना, बाया पाय आखडून बसतात. जानेवारीतल्या त्या मंगळवारी मी दुपारी बंबाशी बसलो आणि तासाभरात पाणी कडक यायला लागलं. तू विचारलंस, झालं का? मी म्हणालो, झालं.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारचं सगळं तुझ्यासमोरच घडलं, ते पुन्हा लिहून तुला त्रास देणार नाही. तरी माझ्या बाजूने काय दिसलं तेवढं सांगतो. मी जीपचं चाक बदलत होतो. तू गोजरबाईचं पाणी कोपराने बघितलंस, तिला बसवलंस. वीस मिनिटांनी पाणी निवलं म्हणून तिच्या टबात नळ थोडा सोडलास, त्याच्या चावीवर आपण रंगाची खूण केली होती तेवढाच, आणि शेजारच्या रंगुबाईच्या टाचेची कातडी काढायला वळलीस. तीन-चार मिनिटं गेली असतील. गोजरबाई कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होती. ती हसत होती, जयमाला. डब्याच्या दारातून वाफ येताना मी पाहिली आणि हातातला पाना टाकून पळालो. तू तिचे पाय उचललेस तेव्हा कातडी टबातच राहिली. तिने खाली बघितलं आणि तुलाच विचारलं, "काय झालं गं? तू का रडती?"

डबा तिथेच सोडून आपण तिला जीपमधून नगरला नेलं. तू मागे तिचे पाय मांडीवर घेऊन बसली होतीस. पूर्ण रस्त्यात तू एकच वाक्य बोललीस, की मी पाठ फिरवायला नको होती. मी आरशातून तुझ्याकडे बघत गाडी चालवत राहिलो.

पुढे चौकशी झाली. कमिटीचे तिघे आले, त्यांनी टब बघितला, नळ बघितला, तुला अर्धा तास विचारलं. मला दोन प्रश्न विचारले. बंब चालू आहे का? मी म्हणालो, चालू आहे. काही बिघाड? मी म्हणालो, नाही. बाहेर चहा घेताना त्यांतला एकजण म्हणाला, "कामाला माणसं घेताना कुठल्या घरातली घेतो, तेही बघावं लागतं." त्याने नाव घेतलं नाही. आमच्या गावात हे वाक्य कुणाच्या घराबद्दल बोलतात ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी कपबशी हातात धरून उभा होतो. आठ दिवसांनी तू राजीनामा दिलास. जाताना मला नमस्कार करायला वाकलीस आणि म्हणालीस, मामा, बंबाची काळजी घ्या. त्या दिवसापासून मला झोपूनही झोप झाल्यासारखं वाटत नाही.

गोजरबाईच्या उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. आता ती काठी घेऊन चालते, बैलगाडी मिळाली तर येते. नव्या सिस्टर चांगल्या आहेत, पण त्या घाबरतात. गरम पाण्याचा नळ त्या उघडूच देत नाहीत, सगळ्यांना गार पाणी. टबापाशी आता कुणी भांडत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी घोडेगावच्या बाजाराला गेलो होतो, भावाला गाय बघायची होती. तुमच्या गल्लीवरून जाताना तुझ्या वडिलांनी, कोंडीरामभाऊंनी, हाक मारली. तुझ्या आईने, सुमनबाईंनी, चहा केला. चहा पिताना भाऊंनी आतून एक कागद आणला. तू नाशिकच्या दवाखान्यात जागेसाठी अर्ज केला होतास, तिथून आपल्या संस्थेला विचारणा झाली आणि संस्थेने "कामात निष्काळजीपणा, रुग्णास गंभीर इजा" असं कळवलं. त्या उत्तराची प्रत नाशिकच्या दवाखान्याने तुला पाठवली आणि तू ती घरी दिलीस. भाऊ म्हणाले, "सहादेवराव, तुमी हुता ना तिथं? माज्या पोरीच्या हातनं आसं झालं आसंल का?" जयमाला, जीप आणि चौकशी यांच्यानंतर त्या वेळी मला खरं बोलायची तिसरी संधी मिळाली होती. मी म्हणालो, कामाच्या घाईत कधीकधी होतं. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊ तो कागद घडी घालून परत ठेवायला आत गेले, आणि मी राहिलेला चहा प्यायलो.

आता लिहितो. त्या मंगळवारी मी बंब दुरुस्त केला नव्हता. कोणतं बटण बिघडलं आहे ते शोधायला आणखी तासभर लागेल असं वाटलं, वायरी सोडून एकेक तपासावं लागलं असतं. मी दमलो होतो, पाठ धरली होती, घरी जायचं होतं. मी दोन्ही बटणांना वळसा घालून एक वायर जोडून टाकली. म्हणजे पाणी कितीही तापलं तरी गॅस तुटणार नव्हता, उकळी फुटली तरी नाही. दोन दिवसांत बरोबर जोडू, असं मनात ठरवलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू बंब पेटवूच दिला नसतास, म्हणून सांगितलं नाही. गुरुवारी तू पहिल्यांदा पाणी बघितलंस तेव्हा ते ठीक होतं, कारण बंब नुकताच पेटवला होता. नंतर त्याच खुणेवर जे आलं ते जवळजवळ उकळतं पाणी होतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटलेली मी बाहेरून ऐकली होती. नेहमीचंच ठिबकणं आहे, असं समजून मी चाकाचे नट आवळत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आणायला मी एकटाच गेलो. कमिटी यायच्या आधी ती वायर काढली आणि रस्त्याकडेच्या बाभळीत फेकून दिली. त्याच दिवशी अर्ध्या तासात मला बिघडलेलं बटणही सापडलं. तेवढाच वेळ लागणार होता.

दहा दिवसांपूर्वी गोजरबाई आली तेव्हा आधी तिला सांगितलं. बाकीच्या बाया गेल्यावर तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं बोललो. ती बराच वेळ काठीच्या टोकाने माती उकरत होती. मग म्हणाली, "बोटं गेली ती गेली, त्याचं काय न्हाई. पर ती पोर माज्या उशाला आठ दिस बसून रडली. तवा का न्हाई बोलला तुमी?" दमलो होतो, हे कसं सांगणार. तिने निघताना माझ्या हाताचा आधार घेतला नाही.

हे पत्र मन हलकं करायला लिहिलेलं नाही, आणि माफी मागून तुझ्यावर आणखी एक ओझं टाकणार नाही. सोबत तीन पानांचा कागद आहे, त्यावर माझी सही आणि तारीख आहे. वायर कशी जोडली, कधी काढली, चौकशीत खोटं काय बोललो, सगळं त्यात आहे. त्याची एक प्रत मी सोमवारी डॉक्टरसाहेबांच्या हातात दिली. ते म्हणाले, सहादेव, प्रकरण मिटलं आहे, तुझ्या नोकरीची दोनच वर्षं राहिली आहेत, विचार कर. मी दुसरी प्रत विश्वस्तांना आणि तिसरी नाशिकच्या दवाखान्याला रजिस्टरने पाठवली, पोचपावत्या माझ्याकडे आहेत. नाशिकची जागा अजून भरलेली नाही, मी फोन करून विचारलं. हा कागद घेऊन तू स्वतः जा, टपालावर विसंबू नकोस. उद्या पहिल्या एस.टी.ने मी घोडेगावला जातो आहे. हे तुझ्या वडिलांनी कुणाच्या कागदावर वाचू नये, माझ्या तोंडून ऐकावं. त्यांनी घरात घेतलं नाही तर दारात उभा राहून सांगेन. तुला हे पत्र मिळेल तोवर त्यांना कळलेलं असेल की त्यांच्या मुलीच्या हातून चूक झाली नव्हती.

तुझाच, मामा म्हणवून घेतलेला,
सहादेव