गोडाउनखालचे सहा गुंठे आणि डॅकचा डबा

लिहून ठेवणार : ऋषी हौशीराम काकडे, वय २८, शिक्षण आठवी, धंदा परांची बांधणे, मूळ राहणार पिंपळवंडी, ता. जुन्नर, जि. पुणे, सध्या मुक्काम सोहार, ओमान.

कारणे लिहून ठेवतो की, माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, दारू मी पीत नाही आणि कोणी मानगूट धरून हे लिहून घेत नाही. मागच्या महिन्यात आमच्या कामावरचा एक जण परांचीवरून पडून गेला. त्याचा कसलाच कागद नव्हता. तो अजून शवागारात होता आणि त्याचे दोघे भाऊ फोनवर घरासाठी भांडत होते. ते ऐकून मी मृत्युपत्राचा नमुना मागवला आणि हे माझ्या हाताने लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली सगळी शिल्लक आई प्रयागबाई हिला. आई, त्यातनं लोकांना आहेर करत बसू नको. आधी दाताचं काम करून घे.

२. माझी मोटारसायकल बहीण आरती हिला. चालवायला शिकावी. भावजींच्या मागे बसून फिरायला दिलेली नाही.

३. माझा मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि पकडी जुन्नरचे तय्यब अत्तार यांना. त्यांचं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. मी शाळा सोडली तेव्हा सगळ्यांनी मला शिव्या दिल्या, ह्यांनी स्टूल दिलं. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही तय्यबचाचांनीच करावं. आमच्या घरच्यांवर माझा त्याबाबतीत भरवसा नाही.

४. आता डॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. मोबाईलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा आवाज करणारा भाग मोबाईलच्या आत असतोच. तोच भाग वेगळ्या डब्यात मिळतो, त्याला डॅक म्हणतात. मोबाईल आणि अँप्लिफायरच्या मधे तो लावला की गाणं एकदम स्वच्छ होतं, असं मी छातीठोक सांगायचो.

माझे चुलते सावळेराम काकडे, म्हणजे अप्पा, यांचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. चौदाव्या वर्षापासून त्यांचे स्पीकर मी उचलले. ते चारचौघांत म्हणायचे, "आरं, आमच्या स्पीकरवर अख्खं गाव नाचतं, अन् ह्यो काडेपेटीएवढ्या डब्याची पूजा करतोय."

पारगावचे पाहुणे मुलीला घेऊन मला बघायला आले त्या दिवशी पोहे झाल्यावर अप्पांना हुक्की आली. "पावणं, आमच्या पोराचा कान लई तिखट. व्हऊन जाऊ द्या पारख!" घरातच मंडपाचा पडदा बांधला. माझ्या डोळ्यांवर उपरणं. पडद्यामागे अप्पांचा मुलगा सूरज. त्याने तेच गाणं सहा वेळा लावायचं, कधी डब्यातून, कधी मोबाईलची वायर थेट जोडून, आणि मी ओळखायचं. मी ठणकावून सांगत गेलो. अप्पांनी निकाल दिला, "सहाच्या सहा चुकली! पावणं, ह्याला उद्या बायको बी वळखू यायची न्हाई."

सगळे हसले. मुलगी पण हसली, ते मला चाललं असतं. तिचे वडील हसले नाहीत. उठताना ते आईला म्हणाले, "खोटं इतक्या ठामपणे बोलणाऱ्याच्या घरी पोरगी कशी द्यायची, बाई?"

स्थळ मोडलं. गावात माझं नाव 'डबा' पडलं. दोन महिन्यांत मी इकडे आलो.

५. गेल्या दिवाळीत सूरजचा फोन आला. "दादा, पोटात ऱ्हात नाय म्हणून सांगतो. वायर मी हलवलीच नव्हती. अप्पांनी डोळा मारला व्हता. साही वेळा थेटच व्हती."

"मग सहाच्या सहा चुकली कशी?"

"दोन बरोबर व्हती. अप्पांनी ठोकून दिलं."

"आणि तू गप बसलास?"

"अप्पा हायेत राव ते."

सबब सूरज सावळेराम काकडे याला ती वायर देण्यात यावी. हलवायची कशी, ते आता त्याला निवांत शिकता येईल. दुसरं काही देऊ नये.

६. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले. सूरजच्या फोननंतर मी इथे खोलीत अमनला पडद्यामागे बसवलं. अमन जुन्नरचाच, माझ्याबरोबर काम करतो. तो नाणं उडवून खरोखर वायर बदलत होता. वीस वेळा. मोबाईलवर माझी अकरा बरोबर आली. अमन म्हणाला, "भाऊ, एवढं तर मी कानात बोळे घालूनबी सांगितलं असतं." मग जुना लॅपटॉप लावला, ज्याच्यातून सारखी घरघर येते. तिथे वीसपैकी वीस. डबा लावला की घरघर गायब. म्हणजे आतलं यंत्रच खराब असेल तर डबा उपयोगाचा, चांगल्या मोबाईलला तो काही करत नाही. त्या दिवशी वायर न हलवताही मला फरक ऐकू येत होता, तो माझ्या मनाचा होता. डब्याबद्दल अप्पा बरोबर होते, मी चुकलो होतो.

डबा आरतीची मुलगी तेजस्विनी हिला. तिच्या कॉम्प्युटरला घरघर आहे.

७. आळेफाट्याच्या रस्त्याला लागून माझ्या वाटणीचे सहा गुंठे आहेत. सातबारा माझ्या नावावर. त्यावर वडील गेल्यापासून अप्पांचं गोडाउन उभं आहे, मला न विचारता.

आपल्याकडे दहाव्याला घाटावर स्पीकर लागतात, प्रवचन होतं, मग पुढारी उठून श्रद्धांजली वाहतात. माझ्या दहाव्याला स्पीकर अप्पांचेच लावावेत. पारगावच्या पाहुण्यांना तय्यबचाचांनी निरोप द्यावा. मुलीला बोलावू नये, तिचा संसार आहे. पुढाऱ्यांच्या आधी कलम सहा माइकवर मोठ्याने वाचावं. मग माइक अप्पांच्या हातात द्यावा. त्यांनी इतकंच म्हणायचं : "वायर हलली नव्हती. निकाल मी खोटा दिला. ऋषी खोटं बोलला नव्हता." रडायचं नाही. 'पोर लई गुणी व्हतं' म्हणायचं नाही. आधीच कावळा शिवला तर 'शांत झाला बिचारा' म्हणून कोणी उठू नये. मी शांत झालेलो नसेन.

अप्पा हे बोलले तर सहा गुंठे त्यांचे. नाही बोलले तर आरतीचे, आणि तिने महिन्याभरात गोडाउन रिकामं करून घ्यावं. आरती, अप्पा तुझ्या दारात येऊन पागोटं काढतील. चहा दे आणि तारीख सांग.

अप्पा, माझी चूक मी कबूल केली, पण ती मेल्यावर वाचली जाणार, म्हणून मला जमलं. तुम्हाला जिवंतपणी बोलायचं आहे, आणि बोलून झाल्यावर त्याच लोकांमधून घरी चालत जायचं आहे.

एकूण कलमे सात. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली. साक्षीदाराला काही देता येत नाही असं कळलं, म्हणून अमनला काही दिलेलं नाही. त्याला राग आलेला नाही, मी विचारलं.

सही : ऋषी हौशीराम काकडे

साक्षीदार :
१. अमन रशीद इनामदार, रा. जुन्नर
२. चिमाजी भागू केदारी, रा. आळेफाटा

ठिकाण : सोहार, ओमान
तारीख : २ मार्च २०२५