पलंगाखालची हुमणी

सातारा, ५ मे १९७५

ती. हंबीरमामांस,
चंद्राचा सा. न. वि. वि.

मामी, बैलं आणि तुमच्या मिशा खुशाल असतील. तुम्ही आश्विनात कुंडलहून घमेलंभर मातीतून पाठवलेली हुमणी अजून माझ्याकडे आहे. उसाची मुळं खाऊन तुम्हाला रडवणाऱ्या या अळ्या भलत्या भित्र्या, मामा. उजेड दिसला की मातीत बुडी मारतात. म्हणून झाकणसुद्धा नाही, बैठकीतल्या पलंगाखाली घमेलं ठेवलंय. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी उकरायला मनाई केलीय. मोठ्या होऊन त्यांचे भुंगे झाले की तेच उजेडाकडे धावतात म्हणे. मला ते डोळ्यांनी बघायचंय.

पण बघू देतील तर ना! आबांनी रविवारी शिराळ्याचे पाहुणे बोलावलेत. लग्न ठरलं की कॉलेज दुसऱ्या वर्षावरच बंद. पोरगी मोठी झाली की तिनं घरात बसावं, असं त्यांचं म्हणणं. मी रडून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं (एकच वेळ, संध्याकाळी आमरस होता). आबा फक्त तुमचं ऐकतात. लोभ आहेच, तो एसटीत बसवून पाठवा.

तुमची,
चंद्रा

कुंडल, ८ मे १९७५

चि. चंद्रास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

विहिरीची मोटर जळाली, रविवारी येणं होत नाही. तुझ्या आबांना पत्र टाकलंय. पाहुण्यांपुढं तोंड उघडू नकोस, उघडलंस तर स्थळ पळेल. पळावं असं वाटत असेल तर उघड. आणि घमेल्यावर फडकं बांध. मामी म्हणते, आवं, पलंगाखाली किडं पाळणारी सून कोण करून घील? ती फार काळजीत आहे. मी नाही.

तुझा,
मामा

सातारा, १२ मे १९७५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फडकं बांधायला सांगणारं तुमचं पत्र आज पोचलं. सगळं काल होऊन गेलं.

सकाळी झाडताना आईला घमेल्यातली माती सुकलेली दिसली. तिला दया आली, तिनं तांब्याभर पाणी ओतलं. आत भुंगे कधीचे तयार होऊन बसले होते, त्यांना वाटलं वळीव झाला. दिवेलागणीला पाहुणे बसले, मी पोहे घेऊन आले आणि लाइट गेली. आबांनी दिमाखात गॅसबत्ती पेटवून मधोमध टांगली. पलंगाखालून सगळी पलटण निघाली, मामा! बत्तीवर आपटून पोह्यांत आणि तिथून नवऱ्या मुलाच्या आईच्या, अंबूबाईंच्या, अंबाड्यात. आगं बया, काढा की कुणीतरी, म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. नवरदेव कुठे दिसेनात. शोधले तर पलंगाखाली, तोंड भिंतीकडे. भुंगे उजेडात आणि हा अंधारात! हा अजून अळीच आहे, मामा. मला हसू आवरेना.

मग मी परातीत पाणी आणि थोडं रॉकेल घालून ती बत्तीखाली ठेवली. भुंगे टपाटप पडू लागले. मुलाचे वडील नाथाजी जवळ येऊन विचारू लागले, आमच्या उसात हे चालंल का गं पोरी? मी अळीपासून भुंग्यापर्यंत सगळं सांगितलं. आबा तेव्हापासून नुसते अंगणात येरझाऱ्या घालतायत. मला फार भीती वाटते.

तुमची,
चंद्रा

सातारा, १३ जून १९७५

रा. रा. हंबीरराव यांस,
लालासाहेबाचा रामराम वि. वि.

शिराळ्याहून होकार आला. नाथाजींना आपली चंद्रा पसंत, ज्येष्ठातला मुहूर्तही काढला होता. मी नकार कळवला. तुमच्या बहिणीनं कारण विचारलं, तिला एवढंच म्हणालो, मुलगा भित्रा आहे. खरं तुम्हाला सांगतो.

त्या संध्याकाळी नवरदेवाला पाय धरून पलंगाखालून मीच ओढत होतो. वर पाहिलं तर पोर बत्तीजवळ उभी राहून थोरामोठ्यांना समजावून सांगत होती. केसांत दोन भुंगे होते, तिला पत्ता नाही. इतकी मोठी झालेली मी कधी पाहिलीच नव्हती. फार बरं वाटलं, हंबीरराव, आणि स्वतःची लाजही वाटली. हिला घरात कुठे बसवू?

काल कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाला नाव घालून आलो. सांगितल्यावर पोर गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, आबा, झुरळं कुठे मिळतील?

कृपा करून तुम्ही पाठवू नका. बाकी लोभ चालू ठेवावा.

आपला,
लालासाहेब