इनुसच्या बासरीचं तिसरं भोक

मी, शेखलाल सुभान शेख, वय वर्षे सदुसष्ट, धंदा लाकूड कातणे व वाद्ये करणे, राहणार दौंड, जिल्हा पुणे, आज पूर्ण अक्कलहुशारीने व राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहिणार रखमाजी. मला दम्याने धरले आहे, पण डोके ठिकाणावर आहे आणि हातही. उभ्या जन्मात माझ्या हाताने पाडलेले भोक चुकलेले नाही. शेवटी सही मी स्वतः करीन. अंगठा उठवणाऱ्यांतला मी नाही.

१. राहते घर मुलगी हसीना हिला व शरियतप्रमाणे आणखी ज्यांचा हिस्सा निघेल त्यांना. हसीनाने शिक्रापूरहून यावे, कुलूप उघडावे आणि रडायचे असेल तर परत जाऊन रडावे. तिचे ठरलेले लग्न मी मोडले म्हणून ती सात वर्षे माझ्याशी बोललेली नाही. आता मातीशी बोलून उपयोग नाही.

शरियतप्रमाणे मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मला मनाजोगे देता येते. पुढच्या वस्तू त्यातल्या आहेत.

२. खराद, गिरमिटे, पटाश्या व कानशी ज्योतिबा सुताराला. त्याच्या हातून लाटणेसुद्धा वाकडे होते, पण दुसरे कोणी मागितलेले नाही.

३. दफ राहू गावचे बागायतदार बापूसाहेब यांना. ते आमच्या वाद्यमंडळाचे अध्यक्ष. मंडळाची हकीकत अशी, की दुसऱ्या मोठ्या लढाईत नजरकैदेत आलेला एक इटालियन, लुइजी साहेब, सुटल्यावर दौंडातच राहिला आणि रेल्वेवाल्यांच्या मुलांना संगीत शिकवू लागला. त्याच्याजवळ एक उभी बासरी होती: तोंडाशी लाकडी गुटका, पुढे सात भोके, मागे अंगठ्यासाठी एक. ती पाहून मी शिसवीच्या चार केल्या, लहान-मोठ्या. आतड्याच्या तारांचे एक पोटाळ वाद्यही केले. इटली-स्पेनच्या किनाऱ्यांवरच्या चारशे वर्षांपूर्वीच्या चिजा आम्ही दौंडात बसून वाजवत होतो. दफ मात्र तिकडेही होता आणि आपल्याकडेही, म्हणून तो वाजवायला बापूसाहेबांकडे दिला. सतरा वर्षांत त्यांना ताल सापडला नाही. कातडे फाटले आहे, तसेच घ्यावे. ऐकणाऱ्यांना फरक कळणार नाही.

४. आता इनुस. हा माझी बहीण मदिना हिचा मुलगा, हल्ली राहणार न्हावरे. बासरी त्याला मीच शिकवली. साहेब १९५४ साली मायदेशी गेला, तेव्हा सगळ्या मंडळींपुढे म्हणाला, "शेखलाल, हात तुझा, पण कान इनुसचा." मी हसलो. ते हसू मला अजून पचलेले नाही.

१९५७ साली शिरूरला मोठा कार्यक्रम ठरला. इनुसची बासरी चिरली होती, म्हणून मी त्याला नवी करून दिली. तिचे वरून तिसरे भोक मी तिळाएवढे वर पाडले. चुकून नव्हे, मापून. त्या भोकाचा सूर चढा निघे. एकटा वाजवताना फुंकर मऊ करून इनुस तो सांभाळून घ्यायचा, याचा मला आणखीच राग यायचा. पण शेवटची चीज चौघांनी मिळून नेमकी त्याच सुरावर लांबवायची होती, दम भरून. तिथे पळवाट नव्हती. तिघांचा सूर एक आणि इनुसचा भलताच. सभा हसली. बापूसाहेब तिथेच म्हणाले, "ह्याला गुऱ्हाळावर लावा रं." मी म्हणालो, "कानच न्हाई त्याला, मी तरी काय करनार."

मंडळाने त्याला काढले. हसीनाचे लग्न त्याच्याशीच ठरले होते. बेसूर जावई नको म्हणून मी ते मोडले. तो खरोखरच न्हावऱ्याच्या गुऱ्हाळावर गेला आणि वर्षाच्या आत चरकात त्याच्या डाव्या हाताची मधली दोन बोटे गेली. बोटांचा बोजा मी घेत नाही. चरक मी केलेला नव्हता.

५. त्याच वेळी, त्याच लाकडाची, मी आणखी एक बासरी केली होती. तिची सगळी भोके बरोबर आहेत. माझ्या हातच्या बासऱ्यांत ती सर्वांत गोड. ती पेटीत फडक्यात गुंडाळलेली आहे, ती इनुसला द्यावी. वरच्या भोकांना त्याच्या डाव्या हाताची बोटे आता पुरणार नाहीत हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच देत आहे.

६. सह्या होण्याआधी हा कागद दोन्ही साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचावा. साक्षीला मी बापूसाहेब व इनुस यांनाच बोलावले आहे. मेल्यावर कळले तर इनुसचे तोंड मला कसे दिसणार.

पुरवणी, लिहिणाऱ्याकडून

वरील मजकूर मी रखमाजी याने वाचून दाखवला. बापूसाहेब तिसऱ्या कलमाला रागावले आणि चौथ्याला जमिनीकडे पाहू लागले. इनुस यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले व म्हणाले, "मामू, भोक वर गेलंय हे मला पयल्याच दिशी कळलं हुतं. वाटलं, तुमचा हात चुकला आसंल. सभंत बोललो आस्तो तर तुमच्याकडनं पुन्ना कुनी बासरी करून घेतली नसती. म्हून हासू दिलं लोकांला."

 शेखलाल म्हणाले, "रखमाजी, चौथं कलम खोड."

मी टाक उचलला, तेव्हा इनुस म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमचा हात चुकला न्हवता, येवढं तरी गावाला कळू द्या."

कलम खोडलेले नाही. सही करताना शेखलाल यांच्या हातातून टाक दोनदा घसरला. अखेर अंगठा घ्यावा लागला. तो इनुस यांनी आपल्या डाव्या हाताने धरून कागदावर टेकवला.

निशाणी अंगठा : शेखलाल सुभान शेख

साक्षीदार :
१. बापूसाहेब हौसराव नवले, राहू (सही)
२. इनुस, मदिनाबींचा मुलगा, न्हावरे (सही)

दस्तुर : रखमाजी, दौंड

मुक्काम दौंड, तारीख १४ नोव्हेंबर १९६४