साडूचं जुनं लेबल

३ जून
नवा नियम आला. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाच्या खोक्यावर १ जुलैपासून लाल पट्टीचं लेबल हवं. सर्क्युलरचं पहिलं पान वाचलं. मुद्दा कळला: समोरच्या मेडिकलवाल्याचा, म्हणजे माझ्या सख्ख्या साडूचा, खेळ खलास! त्याची कपाटं जुन्या लेबलच्या मालाने गच्च आहेत. माझ्या नाकासमोर दुकान थाटून गिऱ्हाइकं पळवतो काय? बघतोच.
बायको म्हणाली, पुढचं पानही वाचा. तिला उगाच खुसपटं काढायची सवय आहे.

११ जून
साडूला सावध करावं का? नात्याचा विचार केला. मग त्याने सासऱ्यांसमोर माझ्या दुकानाला 'म्युझियम' म्हटलेलं आठवलं. विचार संपला.

१९ जून
माझाही माल जुन्याच लेबलचा निघाला. किरकोळ अडचण. लाल पट्टीचे स्टिकर छापून आणले, स्वतःच चिकटवतोय. बायको म्हणाली, खाली एक्स्पायरीची तारीख झाकली जातेय. म्हटलं, मला तोंडपाठ आहे.

२ जुलै
औषध खात्याकडे साडूची निनावी तक्रार करणार होतो. पण मग श्रेय कुणाला? नाव, पत्ता, लायसन्स नंबर, सगळं ठळक लिहून दिलं.

९ जुलै, सकाळी ११
ड्रग इन्स्पेक्टर साडूच्या दुकानात शिरले. काळजाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू!

११.४०
अजून आतच. मेहुणीचं वाईट वाटलं. थोडंसं.

१२.०५
साडू हसतोय. धक्का बसला की माणसं हसतात.

१२.१०
साहेब रस्ता ओलांडून इकडेच येतायत. आभार मानायला असणार. चहा सांगितला.

१० जुलै
माझं दुकान सील. साहेब म्हणाले, सर्क्युलरच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय, जुन्या लेबलचा माल वर्षअखेरपर्यंत विकायची सवलत आहे. साडूला होती, तशी मलाही होती. पण दुकानदाराने स्वतः स्टिकर मारून तारीख झाकायची सवलत कुणालाच नाही. चौकशी होईपर्यंत लायसन्स निलंबित. चहा त्यांनी घेतला नाही.
अपील करणार. साडूला सोडणार नाही!

१७ जुलै
ब्लड प्रेशर वाढलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. गल्लीत उघडं मेडिकल एकच. बायको म्हणाली, तुमचं तुम्ही जा. गेलो. साडूने चिठ्ठी नीट पाहिली, गोळ्या दिल्या आणि विचारलं, घरी बसून काय करता, काउंटरला माणूस हवाच आहे, येता का?
हो म्हणालो. आत शिरूनच सूड घ्यायचा. सोमवारी जरा लवकर या म्हणाला, आधी कपाटं पुसायचीत.