लायसनवरचा मालक

प्रशिकच्या बाबाले दुबईहून भावनाचा जय भीम.

मी बरी हाये, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा हाये? प्रशिक अभ्यास करून राहिला काय?

आपला मसाल्याचा धंदा इकडं आणला, त्याचं लायसन आज हातात पडलं. मालक म्हणून तुमचं नाव, अन् मी नुसती कामगार! फॉर्म तुम्ही भरला, पण असं काहून लिहिलं? तिकडं हुडकेश्वरच्या आपल्या शेडात बारा वर्षं मिरच्या भाजून खोकलत कोण होतं?

सोमवारी लायसनवाले साहेब तपासणीले येऊन राहिले. मसाल्यात काय काय पडते, ते मालकानंच सांगायचं म्हणे. मग या तुम्ही! एक तरी जिन्नस ठाऊक हाये काय? मी तोंड उघडणार नाही.

आईले गोळ्या वेळेवर द्या.

मालकाची वाट पाहणारी,
कामगार भावना